वऱ्हाडात गाडी कुठे लावावी

मी गाड्या उभ्या करायच्या जागा बांधतो. हे वाक्य सावकाश वाचा, कारण लोक सावकाश ऐकत नाहीत. एखाद्या लग्नात कुणी "आपण काय करता?" असं विचारलं आणि मी "पार्किंगचं काम करतो" म्हणालो, की समोरचा माणूस खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवतो. एकदा मी ती घेतली आणि गाडी नीट लावूनही आलो. नाही म्हणायला संकोच वाटला. तेव्हापासून मी "पर्यावरणपूरक वाहनतळांचा सल्लागार" असं सांगतो. त्यामुळे किल्ली मिळत नाही, आणि पुढचा प्रश्नही येत नाही.

उघड्या मैदानावर काँक्रीट न ओतता गाड्या कशा उभ्या करता येतील, पावसाचं पाणी गटाराऐवजी जमिनीत कसं जाईल, पाडलेल्या भिंतींचा मलबा आणि वीजकेंद्रातली राख कशी कामाला लावता येईल, हा माझा विषय. त्यातलं मला पुष्कळ कळतं असा पुण्यात एक समज आहे. तो मीच पसरवलेला आहे. मे महिन्यात अमरावतीला जाऊन आल्यापासून पसरवणं जरा आवरतं घेतलंय.

बोलावणं आलं ते बायकोच्या मोठ्या बहिणीचं. सुलभाताईंनी अमरावतीतल्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर त्या त्याच संस्थेच्या कार्यकारिणीवर गेल्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी एका मोठ्या सोसायटीला "जमिनीशी संवाद" या विषयावर चार शब्द सुनावत होतो.

"जवाईबापू, तुमचा कोपरा फुगला."

"फुगला म्हणजे?"

"म्हणजे तव्यावरची पोळी फुगते तसा. या अन् पाहून घ्या."

अमरावती: फुगलेला कोपरा

आधी कोपऱ्याची हकिगत सांगतो. शाळेला लागून संस्थेचं एक सभागृह आहे. साखरपुडे, सत्कार, बारशी, सगळं तिथेच. मागे मोठं मैदान. पावसाळ्यात तिथे गाडी घातली की ती बाहेर काढायला दुसरी गाडी बोलवावी लागते, आणि मग तिला काढायला ट्रॅक्टर. म्हणून कार्यकारिणीने ठरवलं, की सगळ्या मैदानावर काँक्रीट टाकायचं. ताई एकट्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काँक्रीट टाकाल तर उन्हाळ्यात शाळेच्या खिडक्यांतून भट्टीचा वारा येईल आणि पाणी मुरायला जागाच उरणार नाही. दुसरी रीत आहे, माझ्या बहिणीचा नवरा त्यातला तज्ज्ञ आहे. मग सगळ्यांनी त्यांना मैदानाचा एक कोपरा दिला: एवढा करून दाखवा.

तज्ज्ञाने पुण्याहून नकाशा पाठवला. त्याबरहुकूम हिवाळ्यात कोपरा तयार झाला. मधे मोकळी फट ठेवलेले ब्लॉक, फटींत बारीक खडी, खाली मलब्याचा थर. दिसायला इतका देखणा, की ताईंनी फोटो पाठवल्यावर मी तो लगेच माझ्या माहितीपत्रकात टाकला. मग एका रात्री शाळेची टाकी भरून वाहिली, सगळं पाणी कोपऱ्याने आनंदाने पिऊन घेतलं, आणि आठवडाभरात तिथे उंटाच्या पाठीसारखा उंचवटा आला. पुढे तो वाळून खचला आणि खड्डे पडले. त्या खड्ड्यात एक दिवस संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब यांच्या स्कूटरचं स्टँड रुतलं. स्कूटर आडवी झाली. नानासाहेब वाचले, पण डबा वाचला नाही. आणि त्यात आंब्याचा रस होता.

"शनिवारी मीटिंग आहे," ताईंनी मला स्टेशनवरून घरी नेता नेताच सांगितलं. "कोपरा त्यायले पटला नाही, तर सोमवारपासून सगळीकडे काँक्रीट. खडीचा ढीग फाटकाशी येऊन पडलाय. अन् मी सगळ्यांसमोर बोलून बसले, की कोपरा नापास झाला तर मी राजीनामा देईन."

"हे कशाला बोललात?"

"तुमच्या भरवशावर."

मागच्या सीटवर त्यांचे यजमान, म्हणजे माझे साडू भास्करराव, हळूच खाकरले. ते वकील आहेत. "शेखरराव, तिनं राजीनामा दिला अन् ती चोवीस तास घरी राह्यली, तं मले कोर्टातच अंथरूण टाका लागते. तेवढं ध्यानात घेऊन काम करा."

घरी आधी वांग्याची भाजी आणि रोडगे खाल्ले. निखाऱ्यात भाजलेला कणकेचा गोळा फोडून त्यावर तूप ओतायचं. पुण्यात आम्ही तूप वाढतो, तिथे ओततात. मी "पुरे" म्हणालो ते ताईंना ऐकूच गेलं नाही. इतकं जेवल्यावर माणसाने भर उन्हात मैदान पाहायला जाऊ नये. मी गेलो.

कोपरा पाहिला. माहितीपत्रकातला फोटो काढून टाकायला हवा, हे लगेच कळलं. मग जमीन जवळून पाहावी म्हणून ब्लॉकच्या पलीकडे उघड्या मैदानात गेलो, तिथे भास्कररावांच्या गाडीची किल्ली माझ्या हातातून सुटली आणि गेली. पडली नाही, गेली. उन्हाळ्यात काळ्या मातीला ज्या भेगा पडतात त्या मी चित्रात पाहिल्या होत्या. चित्रात त्यांची खोली दिसत नाही. मी गुडघ्यांवर बसून आत डोकावलो, हात घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि तळ लागला नाही.

"काय करून राहिले?" भास्कररावांनी सावलीतून विचारलं.

"किल्ली... जमिनीत गेली."

ते आले, वाकले, भेगेकडे बघत बोलले, "आता पावसाळ्यात भेग मिटली, की थेच वर आणून देईल."

शेवटी कपडे वाळत घालायच्या हँगरची तार सरळ करून किल्ली काढली. ती काढत होतो तेव्हा शाळेच्या कचेरीतले सगळे कर्मचारी व्हरांड्यात उभे होते. पुण्याचा तज्ज्ञ आलाय हे त्यांना कळलं होतं. तो पालथा पडून काय तपासतोय, एवढंच कळत नव्हतं.

त्या भेगेने मला जे शिकवलं ते ताईंनी फोनवर तीनदा सांगितलं होतं. "काळी माती आहे बरं का." आणि मी तीनदा म्हणालो होतो, "वा, छान!" मला वाटलं, त्या जमिनीचं कौतुक सांगतायत. पुण्याकडे माझं काम मुरमावर चालतं. मुरूम सज्जन असतो. पाणी आलं की घेतो, खाली पोचवतो, तोंडावर काही दाखवत नाही. वऱ्हाडातल्या काळ्या मातीचा स्वभाव वेगळा. पाणी मिळालं की ती फुगून डोक्यावर घेतलेलं सगळं उचलते. नाही मिळालं की रुसून फाटते. तिला पाणी पाजायचं नसतं. पाणी तिच्यावरून हलकेच बाजूला न्यायचं असतं, आणि खाली मुरूम लागेल तिथे नेऊन सोडायचं असतं. मी तिला सगळीकडून पाणी पाजलं होतं, वर आग्रहही केला होता.

"म्हणजे आता?" ताईंनी विचारलं.

"कोपरा उकलायचा. मातीवर जाड प्लास्टिक अंथरायचं, त्यावर मलबा, त्यात भोकांचा पाइप. पाइप मैदानाच्या सखल कडेला शोषखड्ड्यात. ब्लॉकही बदलायचे, हे फार पातळ आहेत."

"ते कोणी सुचवले?"

"मीच."

"मंग ठीक आहे. दुसऱ्या कोणाचं असतं तं भांडा लागलं असतं."

दर्यापूरवरून अकोला

राखेचे जाड ब्लॉक अकोल्याला मिळतील असं कळलं. भास्कररावांचं दर्यापूरला एका अशिलाकडे काम होतं, म्हणून आम्ही त्या वाटेने निघालो. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेलं काळं रान, मधेच एखादं बाभळीचं झाड, आणि रस्ता लाटेसारखा खालीवर. आधी मला वाटलं गाडीचे शॉक-अप गेलेत. भास्करराव म्हणाले, "गाडी बरोबर आहे. रस्त्याखाली तुमची मैतरीण आहे." काळ्या मातीने डांबराच्या रस्त्यालाही सोडलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. एकट्याच्या फजितीपेक्षा सरकारी रस्त्याबरोबरची फजिती हलकी असते.

दर्यापुरात अशिलाने आग्रहाने गिलावडा खायला घातला. दह्यात बुडवलेला वडा मी पुण्यातही खातो, पण आमच्याकडे वडा दह्यात पोहतो; इथला दही पिऊन तृप्त होऊन बसलेला असतो. दुसरा मागितला, तिसरा न मागता आला. अशील म्हणाला, "साहेब, पार्किंगवालेच ना तुमी? मंग बाहेरची माही जीप जरा मागे घेऊन देता का?" मी घेऊन दिली. भास्कररावांनी हे नंतर सगळ्या अमरावतीत सांगितलं.

अकोल्याला ब्लॉकच्या कारखान्याचे मालक राजूभाऊ यांनी आमचं असं स्वागत केलं, की जणू आम्ही ब्लॉक नव्हे, मुलगी मागायला आलोय.

"आमचा ब्लॉक म्हणजे काय समजले तुमी? पारसच्या वीजकेंद्राची राख आहे यात. हा ब्लॉक हत्ती उभा केला तरी हूं करत नाही. पाहा!" असं म्हणून त्यांनी एक ब्लॉक डोक्याच्या वर नेला आणि सोडला. ब्लॉकचे तीन तुकडे झाले. राजूभाऊंचा चेहरा तसूभर बदलला नाही. "हा कालचा आहे. ओला आहे अजून. तुमाले म्हणूनच फोडून दाखवला, आत कसा आहे ते दिसावं." दुसरा सोडला, तो फुटला नाही, पण माझ्या बुटाच्या टोकावर पडला, आणि हूं मी केलं.

ब्लॉक खरंच चांगले होते. मी जाडी पाहिली, तडे पाहिले, पाण्यात बुडवून ठेवलेले पाहिले. राजूभाऊंनी चहा, मग सरबत, मग घरून आलेली पाटवडी आणि झणझणीत रस्सा पुढे केला. सौदा ठरेपर्यंत दुपार कलली.

आता गाडीचं सांगतो. सकाळी कारखान्याच्या आवारात शिरलो तेव्हा तिथे एक जुना डेरेदार कडुनिंब होता. त्याच्या एका अंगाला गर्द, गार सावली आणि तिथे एकही गाडी नाही. कारखान्यातल्या सगळ्या गाड्या झाडाच्या दुसऱ्या अंगाला, रखरखीत उन्हात, ओळीने उभ्या. मला हसूच आलं. एवढी सावली मोकळी सोडून लोक उन्हात गाड्या लावतात! मी रुबाबात सावलीत गाडी घातली, आणि तिथल्या तिथे ठरवलं की शनिवारच्या भाषणात "सावलीचं महत्त्व" असा एक वेगळा भाग घालायचा. या लोकांना कुणीतरी सांगायला हवं.

दुपारी बाहेर आलो तेव्हा आमची गाडी उन्हात होती आणि बाकीच्या सगळ्या सावलीत. मी दरवाज्याला हात लावला. तो हात अजून दाखवता येईल. आत बसलो आणि लगेच उठलो. भास्कररावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, नळाखाली भिजवला, अर्धा स्टिअरिंगला गुंडाळला आणि अर्ध्याची घडी करून माझ्या सीटवर ठेवली.

"तुमाले सकाळी काही सांगितलं नाही," ते म्हणाले. "म्हटलं, तुमचाच विषय आहे."

मी ऊन या वर्षी फार आहे असं काहीतरी बोललो. खरं सांगतो, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. सगळा बाहेरच पडला होता.

अमरावती: टँकर

गुरुवारपर्यंत कोपरा उकलून पुन्हा बसवला. सगळं जमून आलं. एक ब्लॉक मी स्वतःच्या हाताने बसवला; फोटोसाठी. शुक्रवारी मला वाटलं, शनिवारी कार्यकारिणीसमोर नुसतं बोलून काय उपयोग? त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी ओतावं आणि ते कसं चुपचाप शोषखड्ड्यात जातं ते दाखवावं. पुण्यात मी असंच करतो. लोक टाळ्या वाजवतात. शुक्रवारी रंगीत तालीम म्हणून मी फोन करून पाण्याचा टँकर मागवला.

ज्यांनी मे महिन्यात अमरावतीत दिवस काढले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. तिथे नळ रोज येत नाही. आला की घरातलं माणूस माणसाशी बोलत नाही, भांडी भरतं. अशा गावात, भर दुपारी, एक टँकर शाळेच्या फाटकातून आत शिरला आणि मैदानाच्या कोपऱ्याशी उभा राहिला. मी टँकरवाल्याला खुणेने सांगितलं, सोड. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कायच्यात सोडू?"

"जमिनीवर."

"बाप्पा! जमिनीवर काहून?"

मी त्याला पाणी जिरण्याची कल्पना समजावत होतो, तोवर कुंपणापलीकडच्या वस्तीतली एक बाई गुंड, म्हणजे पितळेचा हंडा, घेऊन आली. मागून दुसरी. मग बादल्या, ड्रम, कळशा, एका आजीबाईंचा प्रेशर कुकर. कुणी भांडलं नाही, कुणी विचारलंही नाही. शाळेच्या फाटकात टँकर आला म्हणजे तो वाटायलाच आला, यात त्यांना शंका नव्हती. पहिली बाई मला म्हणाली, "दादा, तुमचं भलं होवो. पाईप जरा इकडे धरा ना."

मी पाईप धरला.

ताई पोचल्या तेव्हा मी रांगेला शिस्त लावत होतो आणि माझा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. त्यांनी परिस्थिती एका नजरेत पाहिली. आधी मला वाटलं त्या रागावतील, आणि तो अंदाज बरोबर निघाला.

"हे पाणी तुमी जमिनीवर ओतणार होते?"

"दाखवायला फक्त..."

"उद्या मीटिंगमधे सगळे मले काय म्हणाले असते? 'बाईनं पाणी वाचवा म्हणून कोपरा केला अन् टँकर धुळीत रिकामा केला!' नशीब माझं, या बायका तुमच्यापेक्षा आधी पोचल्या."

टँकरच्या तळाशी उरलेलं गढूळ पाणी कुणी घेतलं नाही. तेवढं कोपऱ्यावर सोडलं. ते फटींतून आत गेलं, आणि थोड्या वेळाने पलीकडे शोषखड्ड्यात पाइपाच्या तोंडातून बारीक धार आली. ब्लॉक जागचे हलले नाहीत. हे बघायला मी, ताई आणि प्रेशर कुकरवाल्या आजी एवढेच होतो. आजी म्हणाल्या, "पाणी इकडून टाकलं, तिकडून निघालं. मंग मधे ठेवलं काय?" तेवढा प्रश्न सोडला तर प्रयोग यशस्वी झाला.

अमरावती: शनिवार

मीटिंग सभागृहात होती. दहाला सुरू झाली. कार्यकारिणीतले बहुतेक सगळे वकील, प्राध्यापक, एखाददुसरे डॉक्टर. शिवाय गावाकडे शेती असलेले दोघे. नानासाहेब मधोमध बसले होते. त्यांची स्कूटर अजून दुरुस्तीलाच असल्यामुळे ते मुलाची गाडी घेऊन आले होते, आणि हे त्यांनी मला नमस्काराच्या आधी सांगितलं. ताई कडेच्या खुर्चीत, मांडीवर पर्स धरून. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल वाचून दाखवलेल्या बाई निकालाची वाट बघत होत्या, आणि उत्तरपत्रिका माझी होती.

आधी इतिवृत्त, मग इतर विषय, मग चहा. माझा विषय आला तेव्हा बारा वाजायला आले होते. मी काळ्या मातीवर बोललो. चूक कबूल केली. लोक खूश झाले. राखेचे ब्लॉक, मलबा, पाइप, शोषखड्डा सांगितलं. माना हलत होत्या. नानासाहेबांनी एक-दोन खोचक प्रश्न विचारले, उत्तरं पटल्यासारखी दिसली. ताईंचा पर्सवरचा हात जरा सैल झाला. आणि मी पडद्यावर मोठ्या अक्षरांत पुढचा भाग आणला: "सावलीचं महत्त्व".

"मित्रहो," मी म्हणालो, "आपल्याकडे गाडी लावताना लोक सावलीचा विचारच करत नाहीत..."

पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक उठले. किल्ली हातात घेतली आणि दाराबाहेर गेले. मी पुढे बोललो. मग डॉक्टर उठले. मग दोन वकील एकदम. मी आवाज चढवला. शेतीवाले दोघे एकमेकांकडे बघून उठले. नानासाहेबांनी घड्याळ पाहिलं, खिसे चाचपले, मुलाच्या गाडीची किल्ली काढली, आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी झाली. शेवटी माझे सख्खे साडूही गेले.

सभागृहात मी, ताई आणि पडद्यावरची सावली उरली.

भाषण पडणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. लोक झोपतात, मोबाइल काढतात, एकदा एकाने मला खालून चिठ्ठी पाठवली होती. पण सगळ्या सभेने उठून जाणं पहिल्यांदाच. "ताई, माफ करा," मी म्हणालो. "माझ्यामुळे तुमचा राजीनामा..."

"काय झालं?"

"सगळे निषेध करून गेले."

ताई माझ्याकडे एखाद्या ढ विद्यार्थ्याकडे बघावं तशा बघत राहिल्या. "अहो, निषेध कायचा? सावली सरकली. गाड्या फिरवायले गेले. येतात आता."

मी खिडकीशी गेलो. मैदानाच्या मधोमध कडुनिंबांची एक लांब ओळ आहे. सकाळी येताना मी पाहिलं होतं, सगळ्या गाड्या ओळीच्या अलीकडे, शाळेच्या बाजूला उभ्या होत्या. आता कार्यकारिणी आपापल्या गाड्या मागे घेत, एकमेकांना "येऊ द्या, येऊ द्या, बस्स" करत, ओळीच्या पलीकडे लावत होती. तिकडे तेव्हा सावली जेमतेम वीतभर होती, पण ती वाढणार होती आणि इकडची आटणार होती. नानासाहेब मधे उभे राहून हात हलवत होते. कसलीही घाई नाही, कसली चर्चा नाही. हे रोजचं होतं. कोर्टात, कॉलेजात, कचेरीत, सगळीकडे बारानंतर माणसं अशीच उठत असणार, आणि समोरचा बोलणारा माणूस तेवढा वेळ पाणी पीत असणार. सावलीचं महत्त्व या लोकांना सांगायला मी पुण्याहून आलो होतो.

अकोल्याचा कडुनिंब आठवला. तळहात पुन्हा भाजला.

मंडळी परत आली. कपाळ पुसत, दुपट्टे झटकत बसली. "हां, बोला," नानासाहेब म्हणाले. "सावलीचं काय म्हणत होते?"

"काही नाही," मी म्हणालो आणि गडबडीने पुढचं चित्र लावलं. त्यावर मला माझा अंतिम नकाशा दाखवायचा होता. मी पडद्याकडे पाठ करून उभा राहिलो. सभेच्या डोळ्यांत बघून बोलावं असं मी शिकलोय. "हा नकाशा," मी म्हणालो, "मोठ्या अभ्यासातून तयार झाला आहे. याची प्रत्येक रेघ विचार करून ओढली आहे. मी छातीठोकपणे सांगतो, या जागेला याहून योग्य नकाशा होणार नाही."

मग मागून शेतीवाल्यांपैकी एकाने विचारलं, "अन् झाडं कुठी गेली?"

"कुठली झाडं?"

"निंबं. आता आमी गाड्या लावून आलो ते."

"त्यांचं काय," मी पाठ न वळवता, आत्मविश्वासाने म्हणालो, "सगळा विचार केलेला आहे."

"काढून टाकायचा विचार केला?" नानासाहेबांचा आवाज चढला. "सगळी ओळ गायब आहे ना! आमी दुपारी गाड्या काय आकाशात लावायच्या?"

मी वळलो. पडद्यावर काँक्रीटच्या कंत्राटदाराचा नकाशा होता. ताईंनी मला तो टीका करण्यासाठी दिला होता, आणि घाईत तोच लागला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ राखाडी चौकोन, पांढऱ्या रेघा आणि झाडं शून्य. मुळं काँक्रीट फोडतात, म्हणून कंत्राटदाराने ती सरळ पुसली होती.

मी चित्र बदलायची कळ शोधू लागलो. ताई मात्र उठून उभ्या राहिल्या. पर्स खुर्चीवर ठेवली.

"नानासाहेब, हा जवाईबापूंचा नकाशा नाही. हा आपण मागच्या मीटिंगमधे हात वर करून मंजूर केलेला आहे. काँक्रीटचा."

"हाच?"

"हाच. तुमी तवा पाहिला नव्हता. चहा आलता."

आत्ताच उन्हातून आलेल्या माणसांची शांतता वेगळी असते. तिला घाम असतो. प्राध्यापकांनी चष्मा पुसून पडद्याकडे पुन्हा पाहिलं. डॉक्टर खिडकीतून आपल्या गाडीकडे बघत होते. भास्करराव वकिली थाटात म्हणाले, "अध्यक्षमहोदय, काँक्रीट झाल्यावर बाराच्या नंतर गाडी कुठी फिरवायची, याचा खुलासा कंत्राटदाराकडून मागवावा."

"खुलासा काय मागवता," नानासाहेब म्हणाले. "सुलभाबाई, तुमच्या ब्लॉकनं झाडं राहतात का?"

"राहतात. झाडांच्या बुडाशी प्लास्टिक टाकायचं नाही, तिथं फटीतून मुळांले पाणी मिळते."

"पण कोपरा तं एकाच बाजूले आहे. सकाळी ठीक. दुपारी भट्टी."

हे खरं होतं. माझ्या खऱ्या नकाशातही गाड्यांच्या जागा एकाच अंगाला होत्या, आणि त्यांना मी ठळक आकडे घातले होते. जसा काही सूर्य आकडे वाचून थांबणार होता. मी खडू घेतला आणि फळ्यावर निंबांची ओळ काढली. म्हणालो, "मला आता कळलं. तुम्हीच सांगा, सकाळी कोण कुठे लावतं?"

त्यानंतरचा अर्धा तास माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण झालं, कारण त्यात मी बोललो नाही. सगळे उठून फळ्याशी आले. सकाळची बाजू, दुपारची बाजू, मधे गाड्या फिरवायला वाट. ओळीच्या बुडाशी खोदायचं नाही, हातानेच ब्लॉक बसवायचे. हिवाळ्यात कुणाला सावली नको असते म्हणून एक उन्हाची जागा. नानासाहेब आणि डॉक्टर एका निंबाखालच्या जागेवरून भांडलेसुद्धा. ज्या जागेवरून माणसं भांडतात ती मंजूर झाली असं समजावं. फाटकाशी पडलेली खडी सोमवारी परत गेली नाही. ती आमच्या पाइपाभोवती वापरायची असं ठरलं.

बाहेर पडताना ताई म्हणाल्या, "शेखरराव, चुकीचं चित्र इतक्या बरोबर वेळी लावणं सगळ्यांले जमत नाही."

मी नम्रपणे मान झुकवली. संध्याकाळी जेवणात तूप ओतलं गेलं, तेव्हा "पुरे" म्हणालोच नाही.

पुणे

पाऊस सुरू झाल्यावर ताईंचा फोन आला. मैदानात चिखल झाला, पण निंबांच्या दोन्ही अंगांना गाड्या कोरड्या उभ्या राहतात. शोषखड्डा भरतो आणि रिकामा होतो. कोपरा जागचा हललेला नाही. "फक्त एक ब्लॉक वर आलाय," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"फोटोवाला. त्याले काढू नका म्हणून नानासाहेबांनी सांगितलं. येणाऱ्याजाणाऱ्याले दाखवतात."

परवा पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या कचेरीत मीटिंग होती. वातानुकूलित दालन, काचा बंद. बारा वाजून गेले आणि मी बोलता बोलता उठलो, किल्ली घेतली, "आलोच" म्हणालो आणि लिफ्टने खाली गेलो. गाडी तळघरात होती, दोन मजले जमिनीखाली. तिथे ऊन नव्हतं, सावली नव्हती, नुसत्या ट्यूबलाइटी होत्या. मी किल्ली हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो. आता वर गेलो तर काय सांगणार? म्हणून गाडी काढली आणि पलीकडच्या खांबाशी लावली.

रखवालदार धावत आला. "काय झालं साहेब? काही अडचण?"

"काही नाही," मी म्हणालो. "सावली सरकली."